राहणी आणि राहणीमान : साठीनंतरच्या निवडी आणि आरोग्य

(स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)

मराठीत ‘राहणी’ आणि ‘राहणीमान’ असे दोन शब्द आहेत. ते इतके सख्खे आहेत की बोलण्याच्या ओघात एकाच्या जागी दुसरा सहज येऊन बसतो. तथापि आरोग्याचा विचार करताना त्यांतील भेद सांभाळावा लागतो. राहणी म्हणजे माणूस केव्हा उठतो, काय खातो, किती चालतो, कोणात मिसळतो, कोणते व्यसन धरतो वा सोडतो, या साऱ्यांची मिळून बसलेली रोजची घडी. राहणीमान म्हणजे ती घडी बसवण्यासाठी त्याच्या हाताशी असलेला पैसा, जागा, वेळ, माणसे आणि परिसर. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४-१९२०) यांनी जगण्याची पद्धती आणि जगण्यातील संधी असा जो भेद केला तो याच जातीचा असून, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम कॉकरहॅम यांनी त्याच पायावर आरोग्यविषयक जीवनशैलीचा सिद्धान्त मांडला आहे. त्याचे सार असे की, आरोग्याच्या सवयी व्यक्ती स्वतः निवडते हे खरे, परंतु निवडीसाठी तिच्यापुढे कोणते पर्याय येतात हे बऱ्याच अंशी तिची परिस्थिती ठरवते. हा भेद पुणे शहरातील साठीपुढच्या नागरिकांच्या संदर्भात तपासून पाहणे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या विषयाचे महत्त्व आकड्यांवरूनही ध्यानात येते. २०११च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यापुढील लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती, तर महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. देशाचे हे प्रमाण २०३१पर्यंत १३ टक्क्यांच्या पुढे जाईल, असा सरकारी अंदाज आहे. लष्कराच्या छावण्या, खडकीचा दारूगोळा कारखाना, सरकारी कचेऱ्या आणि शिक्षणसंस्था यांतून निवृत्त झालेल्या माणसांमुळे ‘पेन्शनरांचे गाव’ ही पुण्याची ओळख तर फार जुनी आहे.

वय आणि कार्यक्षमता

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या आपल्या अहवालात निरामय वार्धक्याची जी व्याख्या केली, तीत रोगाच्या अभावाला मध्यवर्ती स्थान नाही. वृद्ध व्यक्तीला जे करणे मोलाचे वाटते ते करता येण्याची क्षमता कमावणे आणि टिकवणे, असा त्या व्याख्येचा आशय आहे. ही क्षमता दोन गोष्टींतून तयार होते : एक, शरीर व मन यांचे अंगभूत बळ, आणि दोन, भोवतालचा परिसर. या दृष्टीने पाहिल्यास रक्तातील साखर वा रक्तदाब यांचे आकडे साधनांच्या जागी जातात, आणि भाजी स्वतः आणता येणे, जिना चढता येणे, बँकेचे व्यवहार स्वतः पाहता येणे, हे साध्य ठरते.

राहणीला औषधाचा दर्जा देण्याची कल्पना भारतीय परंपरेला अपरिचित नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक जराचिकित्सेचे, म्हणजे वार्धक्याच्या उपचाराचे आहे, आणि चरकसंहितेच्या रसायनाध्यायात वनस्पतींच्या बरोबरीने ‘आचाररसायन’ सांगितले आहे. म्हणजे सत्य बोलणे, राग आवरणे, झोप व जागरण यांत समतोल राखणे, थोरामोठ्यांचा सहवास धरणे, असे वर्तन स्वतःच रसायनाचे काम करते, अशी ती मांडणी आहे. या वचनांना आजच्या अर्थाने सिद्ध झालेले वैद्यकशास्त्र म्हणता येणार नाही. पण वार्धक्याचा विचार औषधाच्या पुडीपाशी थांबत नाही, हे त्या शास्त्रकारांनी ओळखले होते.

पुण्याच्या इतिहासात याचे सर्वांत ठळक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२) यांचे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून ते १९१४मध्ये निवृत्त झाले, आणि महिला विद्यापीठाची स्थापना त्यानंतर, १९१६मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी केली. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९पासून, त्यांनी युरोप, अमेरिका आणि जपानचा प्रवास केला. १९३६मध्ये ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले तेव्हा ते ७८ वर्षांचे, आणि १९४४मध्ये समता संघ स्थापन केला तेव्हा ८६ वर्षांचे होते. हिंगण्याच्या आश्रमापर्यंतची पायपीट, साधा आहार आणि काटकसर ही त्यांच्या राहणीची अंगे सर्वपरिचित आहेत. मात्र एका शतायुषी माणसाच्या राहणीवरून सर्वांसाठी नियम काढण्यात तर्कदोष आहे, कारण तशीच साधी राहणी असलेले पण लवकर गेलेले लोक चरित्राचे विषय होत नाहीत. म्हणून कर्व्यांचे आयुष्य पुरावा म्हणून न घेता प्रश्न म्हणून घेणे योग्य ठरेल : उतारवयातही हेतू, चालणे आणि माणसे या तीन गोष्टी टिकवल्यास आरोग्यावर मोजता येईल असा परिणाम होतो काय?

या प्रश्नाचे उत्तर आता बऱ्याच अंशी होकारार्थी देता येते. युरोपातील ११ देशांतल्या ७० ते ९० वर्षे वयाच्या सुमारे २,३०० स्त्री-पुरुषांच्या २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भाज्या, डाळी, फळे यांवर भर असलेला आहार, नियमित हालचाल, धूम्रपान नसणे आणि मद्याचे बेताचे प्रमाण या चारही गोष्टी पाळणाऱ्यांमध्ये पुढील १० वर्षांतील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी आढळले. अशा निरीक्षणांत मुळातच निरोगी असलेली माणसे चांगल्या सवयी सहज पाळू शकतात, ही अडचण राहतेच. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून जो प्रयोग झाला, त्यात या अडचणीला पुष्कळसे उत्तर मिळते : दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवर नियंत्रण यांचा एकत्रित कार्यक्रम केलेल्या गटाची आकलनशक्ती दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारली. साठीनंतर शरीर-मनाला वळण लागत नाही, ही समजूत या प्रयोगानंतर टिकत नाही.

टेकडी, खुर्ची आणि दोर

पुण्याच्या ज्येष्ठांच्या राहणीतील सर्वांत दृश्य निवड म्हणजे पहाटेचे फिरणे. पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, सारसबाग, संभाजी उद्यान ही तिची ठरलेली ठिकाणे आहेत. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीची पूर्तता रोज अर्धा तास झपझप चालणाऱ्याकडून पाच दिवसांत होते. परंतु त्याच शिफारशींची पुढची दोन कलमे फिरायला जाणाऱ्यांकडून सहसा पाळली जात नाहीत : आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव.

या कलमांमागे एक शास्त्रीय कारण आहे. वयानुसार स्नायूंचे वस्तुमान आणि त्यांची ताकद घटत जाते, त्या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९मध्ये सुचवली. सपाट रस्त्यावर चालण्याने हृदयाला आणि फुप्फुसांना लाभ होतो, पण मांड्यांचे मोठे स्नायू त्याने पुरेसे राबत नाहीत. आणि जमिनीवरून उठणे, बसची पायरी चढणे, पाय घसरल्यावर स्वतःला सावरणे ही कामे त्याच स्नायूंची असतात. घरी करता येण्याजोगी एक चाचणी येथे उपयुक्त आहे. हातांची घडी छातीशी घालून, कशालाही न टेकता, साध्या खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९मध्ये घालून दिलेल्या निकषानुसार यास १२ सेकंद वा अधिक वेळ लागल्यास स्नायूंच्या बळाकडे लक्ष देण्याची गरज आहे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भाजी निवडणे या जुन्या घरातील उठबशींनी हा व्यायाम नकळत होत असे. जेवणाचे टेबल आणि सोफा आल्यावर तो संपला. म्हणजे सोय वाढली आणि तिच्याबरोबर एक हितकर सवय गेली.

गुडघे दुखत असताना हे कसे साधावे, या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच घडले आहे. १९३७मध्ये पुण्यात आलेले योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) यांची प्रकृती लहानपणी मलेरिया, विषमज्वर व क्षय यांनी पोखरलेली होती. त्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे, घडी घातलेली घोंगडी यांचा आधार घेऊन वृद्ध वा रुग्ण व्यक्तीलाही आसनात स्थिर राहता येते. ते स्वतः नव्वदीनंतरही साधनांच्या आधाराने दीर्घकाळ आसने करीत असत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल बाल्टेस व मार्गरेट बाल्टेस यांनी यशस्वी वार्धक्याचे जे तीन टप्पे सांगितले, त्यांचे हे चालतेबोलते उदाहरण आहे. पहिला टप्पा निवडीचा, म्हणजे उद्दिष्टे कमी करून महत्त्वाची तेवढीच धरणे. दुसरा जोपासनेचा, म्हणजे धरलेल्या गोष्टींचा सराव वाढवणे. आणि तिसरा भरपाईचा, म्हणजे जे बळ उणे झाले त्याच्या जागी आधार वा युक्ती योजणे. काठी, श्रवणयंत्र, न्हाणीघरातील दांडी ही याच तिसऱ्या टप्प्याची साधने आहेत. काठी हाती घेणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, असे मानून जो घरीच बसतो, तो काठीबरोबर रस्ताही सोडतो.

ताटातील हिशेब

आहाराच्या बाबतीत मध्यमवर्गीय पुणेकर ज्येष्ठ स्वतःला मिताहारी समजतात, आणि तेच बारकाईने पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किटे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण आणि थोडा भात, रात्री ‘पचायला हलके’ म्हणून दूध-पोळी किंवा मेतकूट-भात, या दिनक्रमाची ढोबळ बेरीज ३० ते ३५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. त्यात वाटीभर मटकीची उसळ, पेलाभर दूध आणि वाटीभर दही घातल्यास, किंवा खाणाऱ्यांनी त्यांपैकी एखाद्याऐवजी अंडे घेतल्यास, ही तूट भरून निघते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दातांची दुरुस्ती हासुद्धा आहाराचाच प्रश्न आहे, कारण कवळी नीट बसत नाही म्हणून उसळ आणि भाकरी सुटते, आणि मऊ भात उरतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन याबाबतीत मार्गदर्शक आहे. भारतीय माणूस वजनाने बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे दाखवण्यासाठी याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले : उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावरील आकड्यावर समाधान मानणाऱ्या सडपातळ ज्येष्ठांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. याच गटाने २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळते आणि त्याच्या अभावी हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा अशी लक्षणे उद्भवतात. तेव्हाचे मध्यमवयीन आता साठीत आणि सत्तरीत आहेत. ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जाणारी काही लक्षणे या उणिवेची असू शकतात, आणि रक्ताच्या साध्या तपासणीने व गोळी वा इंजेक्शनने ती दूर होण्याजोगी असतात. शाकाहार सोडण्याची त्यासाठी गरज नाही.

तंबाखूच्या बाबतीत महाराष्ट्राचे चित्र निराळे आहे. २०१६-१७च्या पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते, पण धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. बाकी सारा व्यवहार चुना-तंबाखू, गुटखा आणि मिश्रीचा. मिश्री, म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू, दात घासण्याच्या निमित्ताने अनेक वृद्ध स्त्रियांच्या तोंडात दिवसातून कितीतरी वेळा जाते, आणि तिला व्यसन म्हणण्याची रीत नाही. ‘आता या वयात सोडून काय होणार’ या प्रश्नाला सिगारेटपुरते तरी नेमके उत्तर आहे : ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षे चाललेल्या अभ्यासात साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे ३ वर्षांनी वाढलेले दिसले.

सोबत

राहणीतील जो घटक वैद्यकीय तपासणीत विचारलाच जात नाही, तो सोबतीचा. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१०मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची त्या त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक होती. या निकषावर पुणे सुदैवी आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, भजनी मंडळे, बागेतील कट्टे, न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आणि तिच्या पावलावर पाऊल टाकून निघालेल्या पेठोपेठीच्या व्याख्यानमाला, ही सारी एका अर्थाने या शहराची आरोग्यकेंद्रे आहेत. पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटाने याला आणखी नेमके रूप दिले. कंप, ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा ही पार्किन्सन आजाराची लक्षणे असून, संगीताच्या ठेक्याचा बाहेरून आधार मिळाल्यास अडलेले पाऊल उचलले जाते. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, त्यांत व्यायाम, कला आणि सोबत या तिन्ही गोष्टी एकाच तासात साधत.

सोबतीची निवड कधी रूढीच्या विरोधातही करावी लागते. एकाकी ज्येष्ठांना सहजीवनाचा जोडीदार मिळावा म्हणून पुण्यात माधव दामले यांनी २०१२मध्ये ‘लिव्ह इन’ मंडळ काढले, तेव्हा त्याकडे कुतूहलाने आणि कुत्सितपणेही पाहिले गेले. मुलांचा संकोच, मिळकतीचे वाद आणि लोकांची बोलणी यांना तोंड देऊन साठीनंतर घर मांडणारे स्त्री-पुरुष मुळात जे मागतात ते साधे आहे : संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कोणीतरी असावे. स्त्रियांच्या बाबतीत निवडीचा प्रश्न याहून अवघड आहे. नातवंडांची शाळा, घरातील आजारी माणसाची शुश्रूषा आणि सर्वांच्या मागून जेवण्याची सवय यांतून ज्यांचा स्वतःचा तास कधी निघालाच नाही, त्यांना ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे सांगणे हा सल्ला अर्धाच राहतो. उरलेला अर्धा घरातील इतरांना द्यावा लागतो.

ज्यांच्यापुढे पर्याय नाहीत

आतापर्यंतचे विवेचन प्रामुख्याने ज्यांना निवृत्ती आहे त्यांचे झाले. १९९३मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेच्या सभासदांत साठीच्या आसपासच्या आणि पुढच्याही स्त्रिया आहेत. त्या दिवसभर चालतात, वाकतात आणि ओझी उचलतात. हालचालीची मिनिटे मोजायची तर त्या टेकडीवर फिरणाऱ्यांच्या कितीतरी पुढे आहेत. तरीही त्या हालचालीचा लाभ त्यांच्या शरीराला त्या प्रमाणात मिळत नाही, कारण व्यायाम आणि कष्ट यांत फरक आहे. व्यायाम माणूस आपल्या बेताने करतो, दमल्यावर थांबतो, नंतर पोटभर खातो आणि विसावतो. कष्टांत यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती नसते. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांनी असंघटित श्रमिकांच्या पेन्शनची मागणी आयुष्याच्या उत्तरार्धात इतक्या नेटाने लावून धरली, ती मागणी या अर्थाने आरोग्याचीही होती. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा ६० ते ७९ वयासाठी आजही दरमहा २०० रुपये आहे. श्रावणबाळ योजनेत राज्य सरकारने रक्कम १,५०० रुपयांपर्यंत नेली, पण तेवढ्यात डाळ, दूध आणि औषधे तिन्ही बसत नाहीत. २०२४पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले हे स्वागतार्ह आहे. ते आजार झाल्यावरचे आहे, एवढेच.

परिसराचा भाग मात्र गरीब-श्रीमंत दोघांच्याही वाट्याला येतो. पुणे महापालिकेने २०१६मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्यावर साजरा होतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा हिशेब एका सिग्नलवर करून पाहता येईल. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांपुढील लोकांच्या २०१२च्या अभ्यासात चालण्याचा सरासरी वेग पुरुषांचा सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला, तर तेथील सिग्नल १.२ मीटरचा वेग गृहीत धरून लावलेले होते. १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्या गृहीत वेगाने १० सेकंद लागतात, आणि ०.८ मीटरच्या वेगाने १५. मधल्या ५ सेकंदांत त्या वेगाने चालणारी वृद्ध स्त्री अजून रस्त्यातच असते. एक-दोनदा असे झाले की ती पलीकडच्या बागेत जाणे सोडते, मग मैत्रिणी सुटतात, मग मांड्यांचे बळ जाते, आणि वर्षभराने तिच्या कागदांवर ‘बैठी जीवनशैली’ अशी नोंद होते. ती बैठी राहणी तिने निवडलेली नसते.

तेव्हा या विवेचनाचा निष्कर्ष दुहेरी आहे. खुर्चीतून न टेकता उठण्याचा सराव, ताटातील उसळ, ब-१२ची तपासणी, मिश्रीचा त्याग आणि आठवड्यातून काही वेळ माणसांत बसणे, या निवडी ज्येष्ठांनी स्वतः करावयाच्या आहेत आणि त्यांसाठी कोणत्याही वयाला उशीर झालेला नाही. पण सलग पदपथ, बसची खालची पायरी, पोट भरेल इतके निवृत्तिवेतन आणि सिग्नलवरील ५ अधिक सेकंद, या निवडी महापालिकेच्या, सरकारच्या आणि त्यांना निवडून देणाऱ्यांच्या आहेत. यांतील शेवटच्या निवडीला जवळजवळ खर्च नाही, आणि ती मागण्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघांनी आपापल्या चौकापासून सुरुवात करावी. या सभागृहातून घरी परतणाऱ्या बहुसंख्य श्रोत्यांना थोड्याच वेळात समोरचा रस्ता ओलांडायचा आहे.